एका वायसरचा ठराव

कुराबेल गावच्या कामगार सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी 'शांतता, श्रम आणि उद्योग' या विषयावर जाहीर चर्चा होत असे. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. चर्चा मात्र अजून संपायची होती. मध्यंतरात चहा असे. चहाच्या पिंपाची तोटी गळे आणि उकळतं पाणी चहा भरून देणाऱ्या थेल्मा क्विगलीच्या उजव्या मनगटावर पडे. ही बाब कुठल्याही इतिवृत्तात नव्हती.

थेल्मा दिवसा लाँड्रीत इस्त्री करायची. उजवा हात गेला की नोकरी गेली, हे समजायला तिला वक्ता बोलवावा लागत नव्हता. तिसरा फोड आल्यावर तिने पोलाद कारखान्यातल्या लेस टकर प्लंबरला गाठलं.

"लेस, बाबा, पाच मिनिटांचं काम. तेवढा वायसर बदल."

"बदलला असता गं, पण पिंप गॅसवर चालतं. म्हणजे ते यंत्र झालं. यंत्र फिटरांच्या युनियनचं. मी हात लावला तर नॉर्म हॅगन उद्या भट्ट्या बंद पाडेल."

नॉर्म फिटर आला. त्याने पिंपाला एक प्रदक्षिणा घातली. "तोटीतून पाणी वाहतं. वाहतं पाणी प्लंबरांचं. आम्ही कुणाच्या पोटावर पाय देत नाही, थेल्मा."

"आणि माझ्या हातावर दिलेला चालतो?"

"वाईट वाटतं गं!" नॉर्म म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. त्या भरात त्याने चहाबरोबरचे दोन स्कोन-केक जास्त खाल्ले.

प्रकरण सभेचे अध्यक्ष आर्ची बोलार्ड यांच्याकडे गेलं. त्यांनी ते विषयपत्रिकेत अणुबाँबबंदीच्या खाली, क्रमांक नऊवर घेतलं. चर्चा अडीच तास रंगली. कारखान्याचे मॅनेजर प्रिंगल म्हणाले, पिंप कंपनीचं नाही, पण उत्पादनवाढीवर मी चार शब्द बोलतो, आणि बोललेही. सभेला येणाऱ्या शांतता मंडळाने पिंपाभोवती तीन फुटांचा तटस्थ प्रदेश सुचवला: आत ना प्लंबर, ना फिटर. थेल्माला मुभा होती, कारण चहा लागणारच होता. शेवटी सात जणांची उपसमिती नेमली. थेल्माला त्यात घेता आलं नाही. ती तेव्हा कप धूत होती.

"खड्ड्यात गेली तुमची उपसमिती!" असं म्हणत तिने घरी जाऊन नवऱ्याच्या जुन्या बुटाच्या चामड्याचा वायसर कापला, आणि बुधवारी पक्कड घेऊन तोटीत बसवला. चार मिनिटं लागली.

गुरुवारी चहाची धार सरळ पडली. सगळे खूश. मग कुणीतरी विचारलं, "हे केलं कुणी?"

थेल्माने सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच लेस आणि नॉर्म एका बाकावर जाऊन बसले. प्रिंगलसाहेबांनी त्यांना सरकून जागा दिली होती.

"बंधूंनो," आर्ची बोलार्ड गंभीरपणे म्हणाले, "प्रश्न वायसरचा नाही, तत्त्वाचा आहे. उपसमितीचा अहवाल येईपर्यंत गळती पूर्ववत करण्यात यावी."

"काढणार कोण?" लेसने विचारलं.

"प्लंबरला अधिकार नाही, फिटरलाही नाही. जिने बिनअधिकार बसवला, तिनेच बिनअधिकार काढावा," अध्यक्षांनी निकाल दिला.

"आणि चहा?" प्रिंगलसाहेब घाबरले.

"चहा चालू राहील."

"अरे मेल्यांनो!" थेल्मा ओरडली. "त्याच तोटीचा चहा ढोसताय की! माझा हात काय सरकारी आहे?"

"आपल्या भावनांची नोंद घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले. "ठरावाच्या बाजूने हात वर करा."

पण सगळ्यांच्या हातात भरलेले कप होते. म्हणून मतदान दहा मिनिटं पुढे ढकललं. चहा संपला, पुन्हा रांग लागली, थेल्माने दुसऱ्यांदा कप भरले, तेही संपले. मग हात वर गेले. विरोधी मत एकही नाही. प्रिंगलसाहेबांनी तर दोन्ही हात वर केले.

तुम्ही तिथे असतात, तर हात वर केला नसता म्हणता? बरं, मानलं. पण दुसरा कप घेतला असतात की नाही, तेवढं सांगा.