पडद्याचा खिसा

आता सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर मीच तुमच्याकडे संशयाने बघेन! पण एका शिंप्याने खिडकीच्या पडद्याला खिसा शिवला होता. साधासुधा नव्हे. अस्तर लावलेला, वरून झाकण, झाकणाला काज-बटण! आणि त्या खिशात सबंध घराचा जीव अडकला होता.

शिंपीकाकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि कपड्यांचे ढीग, मागे स्वयंपाकघर. भिंती इतक्या जाड, की ठोकायला घेतलेला खिळाच माघार घ्यायचा. या घरात फोन घेऊन शिरलं, की रेंज दारातच चपला काढून बाहेर थांबायची. आत यायचं नावच नाही! रस्त्याच्या कोपऱ्यावर टपालपेटीपाशी मात्र आवाज खणखणीत. त्यामुळे गेले दहा महिने काका टपालपेटीला टेकून गिऱ्हाइकांशी बोलत. शेवटी शेवटी तर लोक त्यांच्याच हातात पत्रं द्यायला लागले होते!

मग फोन बदलायचा की! पण फोन कंपनीनेच दिलेला, दोन वर्षांच्या कराराने जखडलेला. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं की तो सरळ डोळे मिटून घ्यायचा. सुटकेची वाट एकच. कंपनीचा माणूस यंत्र घेऊन घरी येणार, घरात कुठेच रेंज नाही अशी खात्री करणार, काका तसं लिहून देणार, की करार रद्द. अर्ज केल्यावर तीन महिन्यांनी तारीख मिळाली. ती हुकली, किंवा घरात कुठे चिमूटभर जरी रेंज सापडली, तरी उरलेले चौदा महिने गुमान काढायचे.

आणि नेमके त्याच आठवड्यात लेकीचे दिवस भरले. लेक दूर दुसऱ्या गावी. काकूंना गुडघ्यांमुळे प्रवास बंद, आणि काकूंना एकटं सोडून काकांना जाता येईना. आदल्या आठवड्यात लेकीने अकरा वेळा फोन लावला, अकराही वेळा ‘संपर्क होऊ शकत नाही’. तेव्हापासून काकूंनीही काकांशी संपर्क तोडला!

तेव्हा काकांनी गळ्यातला टेप काढला. शिंपी माणूस, काहीही अडलं की आधी माप घेणार! फोन हातात धरून त्यांनी घर इंचाइंचाने पालथं घातलं. टेबलाखाली शिरले, कपाटावर चढले, एकदा तर मशीनच्या पेटीत डोकं अडकवून बसले. आणि खिडकीपाशी, फरशीपासून बाहत्तर इंचांवर, उजव्या चौकटीपासून साडेसहा इंचांवर, रेंजच्या दोन काड्या उभ्या राहिल्या! अर्धा इंच सरकलं की गायब. तिथे दिवसभर फोन धरून कोण उभं राहणार? समोर पडदा लोंबत होता. काकांनी मापाबरहुकूम खिसा शिवला. फोन कानाला लावायला बाहेर काढला की रेंज पळायची, म्हणून आवाज मोठा ठेवून, स्टुलावर चढून, पडद्यात तोंड घालून बोलायचं.

“खिसा एक वेळ समजले,” काकू अबोला सोडून म्हणाल्या, “पण बटण कशाला?”

“बटणाशिवाय खिसा म्हणजे काय खिसा झाला? लोक काय म्हणतील!”

“अहो, पडद्याला खिसा बघितल्यावर लोकांना बटणाबद्दल बोलायला श्वास तरी उरेल का?”

तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला पडदा वाजला. जावई म्हणाले, “बाबा, तिला दवाखान्यात नेतोय.” आठला पुन्हा वाजला. “रक्तदाब वाढलाय. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.” नऊला जावयांचा आवाजच बदलला होता. “कदाचित ऑपरेशन करावं लागेल. काही कळलं की लगेच सांगतो.”

काकूंचा चेहरा सुतासारखा पांढरा झाला. काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तर सुई एका खोलीत आणि दोरा दुसऱ्या खोलीत असल्यासारखी दोघांची गाठच पडेना.

“हे बघ,” ते उसन्या धीराने म्हणाले, “तो माणूस अकराला येणार. तू साडेदहालाच फोन घेऊन टपालपेटीपाशी जाऊन उभी राहा. इकडे घरात रेंज शून्य, तिकडे तुला बातमी पोचती! आहे की नाही डोकं?”

“आहे ना. हल्ली पडद्यात असतं एवढंच!”

आणि साडेनऊलाच दारावरची घंटी वाजली!

आयुष्यात कधी वेळेवर न आलेल्या कंपनीचा माणूस चक्क दीड तास आधी दारात उभा! गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा कागद आणि कमरेला यंत्र.

“आधीची दोन्ही घरं बंद होती, काका. म्हटलं तुमचं उरकून टाकू. फोन दाखवा.”

“दुरुस्तीला दिलाय,” काका म्हणाले.

“हरवलाय,” त्याच क्षणी काकू म्हणाल्या.

माणसाने एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणजे... दुरुस्तीवाल्यानेच हरवला!” काकांनी दोन्ही टोकं शिवून टाकली.

“बरं,” तो म्हणाला. “माझ्या यंत्रावरही चालेल.”

तो खोल्यांतून फिरायला लागला. स्वयंपाकघरात शून्य. न्हाणीघरात शून्य. टेबलापाशी शून्य. प्रत्येक शून्यागणिक काकांची छाती इंचभर फुगत होती आणि काकूंची नजर खिडकीवरून हलत नव्हती. नऊनंतर एकही फोन नाही. म्हणजे काय समजायचं? पोरीला आत तर नेलं नसेल? त्यांच्या बोटांनी पदराच्या टोकाला इतके पीळ घातले की त्याची दोरी झाली.

तेवढ्यात तो माणूस खिडकीकडे वळला. “काका, हे काय?”

“पडदा.”

“पडद्याला काय आहे?”

“खिसा,” काका म्हणाले. “नवीन पद्धत आहे. पडदा धुवायला देताना आत चिठ्ठी ठेवायची. म्हणजे अदलाबदल होत नाही.”

“एवढी जाड चिठ्ठी?”

“धोबी जरा विसराळू आहे हो! सगळं सविस्तर लिहावं लागतं.”

त्याने यंत्र वर उचललं. बाहत्तर इंचांना जेमतेम वीतभर बाकी! काकांनी तोंडात चार टाचण्या धरल्या, झेप घेतली आणि त्याच्या पाठीला टेप लावला.

“हलू नका, शाहेब!” ते टाचण्यांमधून म्हणाले. “तुमचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय! हा कोट कुणी शिवला? त्याला आधी पकडून आणा! हात खाली. अजून खाली. श्वास सोडा. घेऊ नका!”

श्वास न घेता माणूस किती टिकणार? तो बिचारा मागे सरकत सरकत टेबलापाशी गेला आणि मिळेल त्या खुर्चीत बसला. काकांनी कोट मोफत बसवून द्यायचं कबूल केलं. त्याने घाम पुसला आणि कागद पुढे केला.

“यंत्राला तर काही सापडलं नाही. आता तुम्ही इथे लिहून सही करा, की या घरात आजवर एकदाही फोन लागलेला नाही. मग झालात मोकळे.”

मोकळे! काकांनी पेन घेतलं, आणि आनंदाच्या भरात गप्प बसायचं सोडून जिभेचा पट्टा सोडला.

“लागणार कसा, साहेब? अहो, आमच्या फोनची रिंग कोणती तेही आम्ही विसरलो! परवा मांजर ओरडलं तर ही ‘हॅलो’ म्हणाली!”

आणि पडदा वाजला.

काकूंच्या तोंडून नुसता “अगं बाई” एवढाच शब्द निघाला.

“शेजारी...” काका म्हणाले. पेन कागदावर, सहीचं पहिलं अक्षर अर्धं. पडदा पुन्हा वाजला. आता खिसा थरथरायलाही लागला.

“अहो!” काकू ओरडल्या. “पोरीचं काय झालं असेल! काय बसलाय पुतळ्यासारखे!”

चौदा महिने एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ते ऑपरेशन, तो रक्तदाब, नऊ वाजताचा जावयांचा तो आवाज. तिसरी रिंग झाली. काकांनी पेन भिरकावलं, टेबलावरून उडी मारून स्टूल गाठलं आणि बटणाला हात घातला. पण काज त्यांनी स्वतः केलेलं! तीस वर्षांचा लौकिक, त्यांच्या काजातून बटण कधी आपोआप निघत नसे. आज तर ओढूनही निघेना! चौथी रिंग. काकांच्या डोळ्यांत पाणी. शेवटी त्यांनी झाकणासकट बटण दातांनी तोडलं, बोट आत घातलं आणि पडद्यात तोंड खुपसलं.

“जावईबापू! बोला! कशी आहे ती?”

“बाबा, मुलगी झाली!” आवाज खोलीभर घुमला. “ऑपरेशन लागलंच नाही! दोघी सुखरूप! तुमची नात जन्मल्यापासून ओरडतेय नुसती!”

काकू मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. कंपनीच्या माणसानेच उठून त्यांना पाणी आणून दिलं. “अभिनंदन, काका,” तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. मग खाली पडलेलं पेन त्याने उचललं आणि कागद हळूच आपल्याकडे ओढला.

काकांनी पडद्यातून तोंड बाहेर काढलं. गालांवरून आसवं, ओठाला बटणाचा दोरा चिकटलेला. त्यांना पेन दिसलं, कागद दिसला, आणि पुढे रांगेने उभे असलेले चौदाही महिने दिसले.

“साहेब!” त्यांनी हात जोडले. “काय तुमचा पायगुण! तुम्ही उंबऱ्यात पाऊल टाकलंत काय आणि चमत्कार झाला काय! दहा महिन्यांत आज या घरात पहिल्यांदा फोन लागला! पहिल्यांदा! हवं तर या नातीची शपथ...”

“अहो, दहा मिनिटांच्या पोरीची शपथ कसली घेताय!” काकू हुंदक्यातून म्हणाल्या.

माणसाचं पेन थबकलं. त्याला दया आली असावी. तो काही बोलणार, तोच फाटक्या खिशातून जावयांचा प्रेमळ, स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

“पहिल्यांदा कसा, बाबा? सकाळपासूनचा हा चौथा फोन! आणि चारही वेळा आवाज कसा अगदी शेजारी बसल्यासारखा!”