अठराव्या सदस्याचा खुनी

"मॅडम, खुनी आता आमदार नाय," दिग्दर्शक शिवराज म्हणाला आणि त्याने चहाचा कप जाहेदापुढे सरकवला.

जाहेदाला वाटलं, आमदाराचं काम करणारा नट आजारी पडला असेल. बजाजनगरच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिने सहा वर्षांत 'अठरावं मत' ही कादंबरी लिहिली होती. जिल्हा परिषद अध्यक्षाची निवडणूक तोंडावर. फुटू नयेत म्हणून अठरा सदस्यांना सहलीला नेऊन ठेवलेलं. त्यातला अठरावा विषाने मरतो. खून आमदाराने केलेला असतो, आणि विष ओळखतात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. चित्रपटाला परवानगी देताना जाहेदाने एकच अट घातली होती, खुनी बदलायचा नाही.

"करारात लिहिलंय, शिवराज."

"लिहिलंय ना. पण बिडकीनचं फार्महाऊस कडूबाअण्णांनी फुकट दिलंय, आन् ते माजी आमदार. म्हणले, माझ्या सोफ्यावर बसून आमदारानं विष कालवलं, तर गाव मलाच विचारंल."

"मग कोण? आचारी?"

"युनिटचं जेवण मालनबाईंकडून येतंय. आचाऱ्याला हात लावला तर त्या पातेली उचलून जातील."

"ड्रायव्हर?"

"बस तन्वीरभाईची. त्याच्या बसमधी उद्या वऱ्हाड कोण बसवील?"

डॉक्टरबद्दल जाहेदाने विचारलंच नाही. दारात डॉक्टरांनीच दिलेली ॲम्ब्युलन्स उभी होती.

"लई विचार केला, मॅडम. बाईच उरल्या. विज्ञानाच्या."

"अरे, त्या तर शोध लावतात!"

"तेच की. विषातलं दुसऱ्या कुणाला काय कळतं? आन् बाईंच्या बाजूनं कुणी काय दिलेलंबी नाय."

जाहेदाने हा युक्तिवाद मनात दोनदा तपासला. चूक कुठेच सापडेना, आणि त्यानेच ती जास्त गोंधळली. नववीचा अख्खा वर्ग हा चित्रपट बघणार होता. मग एकदम तिला सुचलं.

"प्रयोगशाळेचं शूटिंग कुठं आहे?"

"तुमच्याच शाळेत. रविवारी."

"आणि परवानगी कुणी आणली?"

शिवराजने जीभ चावली. "तुम्हीच की! सुटल्या बाई." त्याने वहीत काट मारली.

जाहेदाने समाधानाने चहाचा घोट घेतला. दुसरा घोट घेण्याआधीच तिने कप खाली ठेवला. "मग त्याला मारलं कुणी?"

दोघांनी वहीतली संशयितांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"कुणीच नाय मारलं, तर तो मरतो कशाला?" शिवराज खुलला. "पित्त झालं असंल! बरा होतो, येऊन मत देतो."

"कुणाला? एक जिंकला की दुसरा हरणार."

"ते नाय जमणार. दोन्ही उमेदवारांच्या जीपा माझ्याच पाहुण्यांनी दिल्यात."

जाहेदाने वही बाजूला सारली. "मग निवडणूक बिनविरोधच करून टाका," ती चिडून म्हणाली.

शिवराजने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग मान वर करून आदराने विचारलं, "मॅडम, एवढं भारी सुचतंय, तर पुस्तकातच का नाय लिहिलं?"