करुणाची रजा

कॉम्प्युटरच्या बाबतीत अख्ख्या कळमनुरीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं निदान माझं तरी मत होतं! म्हणून २००७ साली डोंगरकड्याची पतसंस्था आमच्या पतसंस्थेत विलीन झाली आणि व्यंकटरावसाहेबांनी विचारलं, "प्रमोद, दोन्हीकडचे ईमेल एक करायचे, जमंल का?" तेव्हा मी छातीठोक सांगितलं, "साहेब, चहा निवायच्या आत!"

केलं की! झोकात सगळ्यांना मेल धाडला, "नव्या पत्त्याबद्दल अभिनंदन!" लगेच डोंगरकड्याच्या कुणा करुणाचं उत्तर आलं, "मी रजेवर आहे. सोमवारी येते." माझ्या खात्याला मी हौसेनं आपोआप जाणारं उत्तर लावलेलं, "मेल मिळाला, आभारी आहे." ते तिला गेलं. तिच्या खात्यानंही आपोआपच कळवलं, "मी रजेवर आहे." माझं पुन्हा, आभारी आहे! दोन जावांसारखी खात्यांची जुंपली. त्यात साहेबांचा दंडक असा, की आलेला प्रत्येक मेल छापून, शिक्का मारून टेबलावर पाहिजे! छपाईसुद्धा मी आपोआप करून ठेवलेली. प्रिंटर थांबायचं नाव घेईना.

साहेब कागदांचा ढीग बघून खवळले. "कोण हाय ही करुणा? कामावर पत्ता न्हाई, अन् सकाळपासून रजाच कळवून राहिली! काढा नोटीस! आली न्हाई तर नोकरीवरून कमी!"

नोटीस पोचवायला ग्यानोबामामांना बोलावलं. विलीनीकरणात डोंगरकड्याहून आमच्याकडे आलेले शिपाई. माणूस अबोल, आणि आम्हीही कधी घरचं विचारलेलं नाही.

मी नोटीस पुढं केली, "मामा, तुमच्याच गावची हाय. एवढं करुणाला नेऊन द्या."

मामा कागद हातात घेऊन उभेच राहिले. "माझंच लेकरू व्हतं ते, सायेब. दिवाळीत गेलं. तापानं."

तेवढ्यात प्रिंटरमधून आणखी एक 'मी रजेवर आहे' बाहेर पडलं, मामांनी तिकडं पाहिलं.

"दवाखान्यात जाताना कॉम्प्युटरवर लिहून गेली, सोमवारी येते म्हनून. पन रजा काई मंजूर झाली न्हवती. शेवटपत्तुर तेच इचारून राहिली, बाबा, मंजूर झाली का? सायेब, नोटीस नका काढू. तेवढी रजा मंजूर करा."

व्यंकटरावांनी नोटीस फाडली. कोरा कागद ओढला, लिहिलं, 'रजा मंजूर'. मग पेन अडलं.

"ग्यानोबा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "किती दिवसांची लिहू?"

मामा प्रिंटरमधून पडणारे कागद गोळा करू लागले. आणि मला, खोटं कशाला सांगू, प्रिंटर कुठून बंद करायचा तेही सुचेना!