पेत्राच्या मुठीतली किल्ली

चर्चचं मोठं दार कुलूपबंद होतं, बिशप वाटेवर होते आणि त्या कुलपाची किल्ली संत पेत्राच्या मुठीत घट्ट चिकटली होती.

आठवडाभर रंगारी मागच्या अंगणात पेत्राचा कमरेएवढा पुतळा दुरुस्त करत होता. फादर रोज चहाचा कप घेऊन येत आणि पेत्राबद्दल बोलत बसत. साधा कोळी, येशूच्या अगदी जवळचा. पण शिपायांनी येशूला धरून नेल्यावर "मी नाही ओळखत त्याला" असं तीनदा म्हणून मोकळा झाला. मग कोंबडा आरवला आणि हा ढसाढसा रडला. तरी स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या.

"म्हणजे घाबरट होता की हो!" रंगारी म्हणाला होता.

"होता. पण पळून गेलेला माणूस परत आला. मोठेपण त्यात आहे."

हे ऐकून रंगारी पार विरघळला. पुतळ्याच्या हातातली किल्ली तुटली होती, म्हणून फादरांनी सांगितलं, "ऑफिसच्या टेबलावर जुनी लोखंडी किल्ली आहे, ती लाव." टेबलावर किल्ल्या होत्या दोन. एक गंजलेली, एक लख्ख. एवढ्या माणसाच्या हातात गंजकी किल्ली द्यायला रंगाऱ्याचा जीव होईना. त्याने लख्ख किल्ली उचलली आणि दगडाला दगड धरून ठेवणारा मसाला लावून ती पक्की बसवली.

आता तो ती ओढत होता आणि फादर त्याला ओढत होते.

"कापू का?" रंगाऱ्याने करवत काढली.

"खबरदार!" डबा घेऊन आलेली त्याची बायको कडाडली. "त्याच्या बोटांना करवत लावाल तर आजपासून डबा बंद!"

"मग दार उघडायचं कसं?"

"किल्ली त्याला सोडत नाही, तर त्यालाच न्या ना दाराशी. हाय काय नि नाय काय!"

फादरांनी पाय धरले, रंगाऱ्याने खांदे. बायको पुढे राहून पेत्राचा पुढे केलेला हात नेमका कुलपाच्या भोकाकडे वळवत होती. किल्ली आत गेली. फिरेना. कुलपाला अर्धा फेरा लागायचा आणि किल्ली फिरवायची म्हणजे अख्खा पेत्र फिरवायचा.

"आडवा करा... अजून... अहो, डोकं सांभाळा त्याचं!"

पेत्र पूर्ण उलटा झाला, कुलूप खट्कन उघडलं आणि त्याच क्षणी मागे गाडीचं दार वाजलं.

बिशप उभे होते. फादरांच्या हातात संताचे पाय, झगा घामाने चिंब. सांगणार तरी काय?

बिशपांनी हळूच टोपी काढली.

"म्हणतात, त्याला क्रुसावर चढवायला नेलं तेव्हा त्यानेच विनवलं, मला उलटा टांगा. प्रभूसारखं मरायची माझी लायकी नाही," ते म्हणाले. "आज त्याने तसंच राहून आपल्याला दार उघडलं."

मग ते आत गेले आणि प्रवचनात पेत्राशिवाय दुसऱ्या कशावर बोललेच नाहीत. घाबरलेल्या, चुकलेल्या आणि परत आलेल्या माणसावर ते इतकं जीव ओतून बोलले, की मागच्या बाकावर रंगारी रंगाच्या फडक्याने डोळे पुसत राहिला. त्याचा एक गाल निळा झाला, पण बायको त्याला हसली नाही. ती स्वतःच पदराला नाक पुसत होती.

प्रार्थना संपली. माणसं पांगली. फादर बिशपांना गाडीपर्यंत सोडायला निघाले.

"आपण फार मोठा अर्थ काढलात," ते चाचरत म्हणाले. "खरं सांगायचं तर..."

"मसाला कुठला वापरला?" बिशपांनी विचारलं.

"दगडाला दगड धरून ठेवणारा," फादरांच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या चर्चची किल्ली हरवली होती, तेव्हा मी खिडकीतून आत गेलो होतो. त्या मानाने तुमचं बरंच शोभून दिसलं." बिशपांनी गाडीचं दार लावून घेतलं, पण बाहेरून. मग बाह्या सरसावल्या. "चला, आता कुलूप लावायचं असेल ना? मघाशी तुम्ही घामाने चिंब झाला होता. पाय मी धरतो."