बोंबलाच्या तेलातला सांडस

तापलेलं लोखंड धरायला लोहाराला सांडस लागतो, आणि मला लोहारकामाचा नवा नाद लागला होता. तो विकत कशाला आणायचा? "जुन्या व्हॅनची स्प्रिंग गॅरेजमध्ये पडलीय," मी बायकोला, लुसीला, ठणकावलं. "असा सांडस घडवतो की अख्खं वॉन शहर बघायला येईल!"

दिवस उपवासकाळाचे होते. ईस्टरपर्यंत मासळी सोडतो, असं मी प्रार्थना-ग्रुपसमोर उभं राहून सांगितलं होतं. वसईच्या माणसानं! त्याबद्दल गुड फ्रायडेला क्रूस खांद्यावर घ्यायचा मान मला मिळणार होता. मासळी खाल्ली तर मान गेला.

शनिवारी लुसी चर्चला गेली. मी मागच्या अंगणात बार्बेक्यूत कोळसा पेटवला, भाता म्हणून तिचा हेअर ड्रायर लावला आणि लालभडक स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या पक्कडीनं धरली. पक्कड बिचारी वाकून नमस्कार करायला लागली. संध्याकाळपर्यंत सांडसासारखं काहीतरी तयार झालं. आता तेलात बुडवून ते कडक करायचं. गॅरेजमध्ये तेलाचा डबा होताच.

चर्र झालं, धूर उठला आणि अंगणभर तळलेल्या बोंबलांचा वास सुटला. उपवासकाळाच्या आदल्या दिवशी शेवटचे बोंबील तळलेलं तेल! वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या डेपोत द्यायचं म्हणून लुसीनं ते जपून ठेवलं होतं.

तेवढ्यात लुसी आली, सोबत ग्रुपचे केनेथ अंकल. क्रूस माझ्या खांद्याला बसतो का बघायला ते तो घेऊनच आले होते. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"ॲलरॉय, यू प्रॉमिस्ड, मॅन."

"अंकल, मी काय पण खाल्लं नाय. सांडस केला."

"दाखव."

मी दाखवला. एक पाय लांब, एक आखूड, तोंड काही मिटेना. घाईघाईनं त्यात निखारा धरला, तो सुटून अंकलच्या बुटावर पडला.

"होल डे तू हे केलंस? कोण बिलीव्ह करणार?" अंकल क्रूस परत गाडीकडे नेऊ लागले. 

लुसीनं सांडस बघितला, पक्कड बघितली, ड्रायर बघितला. मग शांतपणे म्हणाली, "अंकल, थांबा. एवढं बेकार काम करायला पूर्ण दिवस लागतो. बोंबील तळायला याला टाइम कुठला?"

अंकलनी सांडस पुन्हा उलटसुलट करून बघितला आणि त्यांना ते पटलं. क्रूस परत आला.

गुड फ्रायडेला तो माझ्याच खांद्यावर होता. मागून अंकल पुटपुटले, "नीट धर हां. सांडसासारखा सोडू नको."

आणि पक्कड? ती विकतच आणली.