कोऱ्या पट्टीवर रंग

आमच्या घरात पुराव्याशिवाय एकही वाद कधी मिटला नाही, हे मी अभिमानाने सांगते. बाबा रंगाच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. निवृत्त झाल्यावर तपासायला रंग उरले नाहीत, मग त्यांना आम्ही सापडलो. बादली खरंच गळते की आईला तसं वाटतं, यावरसुद्धा रीतसर चाचणी व्हायची. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. हल्ली घरातले वाद पटकन मिटतात. ते मला मुळीच आवडत नाही.

तर गोष्ट त्यांच्या कानांची.

एका सकाळी बाबा पेपर आणायला रस्ता ओलांडत होते. मागून टेम्पो हॉर्न बडवत आला. टेम्पोवाला ओरडला, गॅलरीतून आई ओरडली. बाबा बागेत फिरल्यासारखे चालत राहिले. टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"उद्या कानाचं यंत्र आणायचं," घरी आल्यावर आई म्हणाली.

"मला ऐकू आलं होतं. मी लक्ष दिलं नाही."

"टेम्पोकडे?"

"तू म्हणतेस म्हणून यंत्र लावू? चाचणी घे. नापास झालो तर लावतो."

मी कॉलेजात संशोधनपद्धती शिकवते, तेव्हा मांडणी अर्थातच माझ्याकडे आली. आणि मांडणी अशी केली की चूक शिरायला फट नाही. ओठ दिसू नयेत म्हणून बाबांची खुर्ची खिडकीकडे वळवली. काचेत प्रतिबिंब नको म्हणून पडदा ओढला. पंखा बंद केला. आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून हळू बोलायला सांगितलं.

"अहो, चष्मा कुठे ठेवलात?"

"डोक्यावर आहे."

"भाचीला फोन केलात?"

"संध्याकाळी करतो म्हटलं ना."

"चपला घाला, फरशी ओली आहे."

बाबांनी पायानेच चपला चाचपल्या.

एकही उत्तर चुकलं नाही. पाठमोऱ्या बाबांची मानसुद्धा जिंकल्यासारखी दिसत होती. उद्या ते पुन्हा तसेच रस्त्यावर जाणार, या विचाराने आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला आणि ती न बोलता आत पळाली. खोलीत चिडीचूप.

"हो गं, घेतली गोळी," बाबा म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी काही विचारलंच नव्हतं.

थोडं थांबून ते म्हणाले, "निळीपण."

मी ओठ झाकले, काच झाकली, पंखा बंद केला. आणि प्रश्न विचारायला उभं केलं कोणाला, तर त्यांच्या बायकोला. मी पुढे जाऊन बाबांना मोठ्याने म्हणाले, "आई आत आहे. आत्ता कोणी काही बोललं नाही."

बाबांच्या कारखान्यात दर चाचणीत एक पट्टी रंग न लावता ठेवत. तपासणाऱ्याला त्या पट्टीवर रंग दिसला, की सगळी चाचणी बाद.

"म्हणजे कोऱ्या पट्टीवर रंग दिसला," ते म्हणाले.

"हो."

"मग परत घे. आणि मांडणी करणाऱ्याला आधी कामावरून काढ."

या वेळी दारात मी उभी राहिले आणि पेपरमधली बातमी वाचली: "उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे."

"गॅस केव्हाच बंद केलाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने कानाच्या डॉक्टरांकडे आले. शब्दाला पक्के होते.

यंत्र लावून काही दिवस झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय काका, फरक पडला?"

"रस्त्यावर पुष्कळ. घरी काडीचा नाही. मला आधी जे ऐकू यायचं, ही तेच बोलते."

"मग घरात काढून ठेवत जा," आई म्हणाली. "सेल तरी वाचतील."

डॉक्टरांनी काय समजायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी संशोधनपद्धती शिकवते, हे मी त्यांना सांगितलं नाही.