मत नाही, पण मतं आहेत

देवतळेकाका आपल्या घरासमोरचं गवत फुटपाथपर्यंतच कापतात. फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधला चार हात रुंद हिरवा पट्टा त्यांच्या मते सरकारचा. "सरकारचं गवत सरकारनं कापावं," म्हणून ते तिथे मोवर बंद करतात. त्यामुळे जूनमध्ये मिसिसागातल्या आमच्या गल्लीत येणाऱ्याला काकांच्या घराचा नंबर सांगावा लागत नाही. अलीकडे गालिचा आणि पलीकडे गुडघाभर जंगल दिसलं, की समजायचं, पोचलो.

आम्ही शेजारी राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सोफा उतरत होता आणि काका तडक माझ्याकडे आले.

"पुण्याच्या न तुम्ही? बरं. त्या पट्ट्याला हात लावू नका. एकदा कापलं, की जन्मभर तुमच्याच गळ्यात पडते."

मग शर्टाच्या खिशातून त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. मला वाटलं, गीता असेल. अमेरिकेची राज्यघटना होती.

माणूस नागपूरचा, घर कॅनडात आणि घटना अमेरिकेची. मला हे प्रकरण उमगायला वर्ष लागलं. गॅरेजमध्ये दिवसभर सीमेपलीकडचा रेडिओ चालू. त्यावर उजव्या विचारांची मंडळी तावातावानं बोलायची आणि काका कपाटाला रंग देता देता "करेक्ट!" म्हणून ब्रश उगारायचे. 'लिमिटेड गव्हर्नमेंट' हे शब्द ते असे उच्चारतात, जसं दुसरं कुणी 'साजूक तूप' म्हणेल. "सरकार म्हणजे पाहुणा. बैठकीत बसवा, चहा पाजा. स्वयंपाकघरात शिरला की संपलं!"

तिकडच्या निवडणुकीच्या दिवशी ते सकाळपासून टाय लावून बसतात. मी एकदा म्हटलं, "काका, पण तुम्हाला तिथे मत नाही."

"मत नाही," काका म्हणाले, "पण मतं आहेत!"

ती मतं ते तिकडच्या सेनेटरांना पत्रानं कळवतात. वीसेक पत्रांनंतर एकाचं उत्तर आलं: आपण आमच्या मतदारसंघात राहत नसल्यामुळे आम्ही आपल्याला मदत करू शकत नाही. काकांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. "बघा. आपली हद्द ओळखणारं सरकार!"

शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायच्या. "एवढं आहे तर अमेरिकेत का नाही गेलात, विचार यांना," त्या मला म्हणायच्या. काका रेडिओचा आवाज वाढवायचे. "आणि तीस वर्षं नोकरी कुठे केली, तेही विचार." नोकरी सरकारी वीज कंपनीत केली होती. यावर काकांचं उत्तर ठरलेलं: "आतून लक्ष ठेवून होतो."

आपल्या या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या वडिलांची नागपूरला पिठाची गिरणी होती. दुसरी चक्की बसवायला त्यांनी परवानगी मागितली. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. "परवानगी आली न, त्या दिवशी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. आईनं तो कागद वाचला आणि पुन्हा वाढायला लागली." एवढं बोलून ते उठले आणि कारण नसताना कपाटाला दुसरा हात देऊ लागले.

दर उन्हाळ्यात सिटीची, म्हणजे नगरपालिकेची, नोटीस यायची: पट्ट्यातलं गवत घरमालकानंच कापावं. काका तीन पानी उत्तर टाईप करायला घ्यायचे. एका वर्षी पाहणीला एक तरुण मुलगी आली, तर तिच्या हातात त्यांनी घटना ठेवली. ती चाळून म्हणाली, "सर, ही आपली नाहीये." काका कळवळून म्हणाले, "दॅट इज द ट्रॅजेडी, माय डिअर!"

आणि दरवर्षी नोटिशीनंतर दोन-चार दिवसांत तो पट्टा कापलेला असायचा. "पाहिलं? नमलं सरकार!" काका गल्लीभर सांगत सुटायचे. ते दुपारी झोपले, की काकू मोवर काढायच्या, हे काकांखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात नोटीस दोनदा आली. गवत तसंच. मी काकूंना हळूच विचारलं, "काकू, या वर्षी कापलं नाहीत?"

"कुठलं गवत?" त्या म्हणाल्या. थट्टा करत नव्हत्या.

शेवटी माझ्या नवऱ्यानं, नितीननं, गुपचूप कापलं. सरकार त्याही वर्षी नमलं. पण काकूंचं विसरणं वाढत गेलं. आधी गॅस, मग नावं, मग आपला मुलगा कॅलगरीला असतो हे. आठवड्यातून दोनदा सरकारतर्फे मदतनीस येऊ लागली, ग्रेस नावाची. ती थेट स्वयंपाकघरात बसून काकूंबरोबर मटार सोलायची. मी काकांकडे नुसतं पाहिलं. "ही सरकार नाही," काका घाईनं म्हणाले, "ही ग्रेस आहे."

मग काकू न सांगता बाहेर पडू लागल्या. एकदा बसस्टॉपवर सापडल्या, एकदा ग्रोसरीच्या दुकानात. डॉक्टर म्हणाले, दाराला वरच्या बाजूला कुलूप लावा. मुलानं फोनवर तेच सांगितलं. काका म्हणाले, "नाही."

मी भडकले. "काका, तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या बाजूला! बर्फात पडल्या म्हणजे?"

"दार तिचंही आहे," एवढंच म्हणून ते आत गेले. हा माणूस बायकोपेक्षा पुस्तकावर जास्त प्रेम करतो, असं मी त्या दिवशी नितीनला रागानं म्हणाले. याची मला अजून लाज वाटते.

जानेवारीत मी घरूनच काम करत होते. खिडकीतून दिसलं, काकू निघाल्या. कोटाची बटणं वर-खाली लागलेली, हात उघडे. मीटिंग टाकून, हाताला लागतील ते बूट चढवून मी धावले. कोपऱ्यावर वळते तर पुढे काका. काकूंच्या मागे वीसेक पावलं, खांद्याला पिशवी. त्यांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

"दर वेळी येता?" मी कुजबुजले.

"अकरा दिवस झाले. त्याआधी दोनदा चुकलो." पिशवीत शाल होती, थर्मास होता, घराचा पत्ता चार चिठ्ठ्यांवर लिहिलेला होता. "ती ठरवते कुठे जायचं ते. मी फक्त गाड्या पाहून राहिलो."

थोडा वेळ आमच्या बुटांखाली बर्फ करकरत राहिलं. मग काका समोर पाहतच म्हणाले, "मॅट्रिकला संस्कृतात पहिली आली होती. शाळेत शिकवायचं होतं तिला. मी कॅनडाचं तिकीट दाखवलं आणि म्हटलं, बॅग भर. विचारलं नाही, बाप्पा. पन्नास वर्षं स्वातंत्र्यावर बोलून राहिलो. तिला एकदा विचारलं नाही."

पुढे सिग्नल होता. काका झपाझप चालू लागले. त्या वयात, त्या बर्फावर, मला गाठता येईना. काकू रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या. बाजूला कुणी आल्याचं पाहून त्यांनी वळून बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं, अदबीनं.

काकांनी पिशवीतून हातमोजे काढले. "हे आपले पडले होते वाटतं."

"अय्या, हो की!" काकूंनी ते घातले. डाव्या हाताचा अंगठा नीट जाईना, तो काकांनी बसवून दिला. "आपण याच बाजूला चाललात का?"

"आपण कुठे निघालात?" काकांनी विचारलं.

काकूंनी चौकाकडे नीट पाहिलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. तिकडे गोदामं आणि मोकळं, पांढरं मैदान होतं.

"मीही तिकडेच," काका म्हणाले.